विक्रांतने नक्की केलं काय? (भावोजींना उत्तर हवंय)

घारापुरीकर

मंडळी, प्रश्न घरगुती भांडणातून आलाय, सांभाळून घ्या.

आमची चाळ पुनर्विकासाला जाणार, म्हणून रविवारी सगळे मिळून माळा रिकामा करत होतो. त्यात बाबांची पत्र्याची ट्रंक निघाली. बाबा नौदलाच्या गोदीत होते, बॉयलरच्या कामावर. आता ते नाहीत. ट्रंकेत दोन खाकी शर्ट, रेशनकार्डाची जुनी पानं आणि गोदीच्या गेटवर दाखवायचा पितळी बिल्ला. बिल्ला इतका काळवंडलाय की नंबर बोटाने चाचपावा लागतो.

बिल्ला हातात घेतला आणि बाबांचं ठरलेलं वाक्य आठवलं : "आमची म्हातारी तीन बॉयलरवर लढली." म्हातारी म्हणजे विक्रांत, आपली पहिली विमानवाहू नौका. चौथ्या बॉयलरला तडे गेले होते, तिला पोलादी पट्टे आवळून लढाईला धाडली, असं ते सांगायचे. लहानपणी हे ऐकलं की डोळ्यासमोर कंबरपट्टा बांधलेली आजी यायची.

तेवढ्यात भावोजी (बहिणीचे यजमान, बँकेत आहेत, सगळ्याचा हिशोब मांडतात) म्हणाले, "कसली म्हातारी? पांढरा हत्ती होता तो! ६१ला गोव्याला फिरायला गेली, ६५ला गोदीत झोपली, ७१ला लंगडत गेली. ३६ वर्षांत एक लढाई, शेवटी भंगार." आईने पोळी वाढता वाढता त्यांच्याकडे जे बघितलं ते इथे लिहीत नाही.

तर दोन प्रश्न. एक, बॉयलर फुटका असताना विमानं उडाली कशी? दोन, भावोजींना काय उत्तर देऊ?

खवट_काका

भावोजींना उत्तर द्यायचं नसतं. वाढायचं असतं.

पेठेतली_मैना

=)) काका!

घारापुरीकर, ट्रंकेचं वर्णन आवडलं. बिल्ल्याचा फोटो टाका ना.

मोडीवाचक

भावोजींच्या तिन्ही वाक्यांत तथ्य आहे आणि तिन्ही अर्धवट आहेत. थोडं मागून सुरू करतो.

ही मुळात ब्रिटिशांची 'हर्क्युलिस'. १४ ऑक्टोबर १९४३ला न्यूकॅसलला टाइन नदीकाठी बांधायला घेतली आणि २२ सप्टेंबर १९४५ला पाण्यात उतरवली. तोवर महायुद्ध संपलं होतं. १९४६च्या मे महिन्यात काम थांबलं आणि अर्धवट सांगाडा स्कॉटलंडच्या एका खाडीत नांगरून ठेवला. दहा-अकरा वर्षं तशीच पडून! जानेवारी १९५७मध्ये आपण ती घेतली आणि बेलफास्टला पुरी करून घेतली.

हे रखडणंच आपल्या पथ्यावर पडलं. मधल्या काळात विमानवाहू जहाजांचं तंत्र पार बदललं. तिरकी धावपट्टी, विमानाला धक्का देऊन डेकवरून सोडणारा वाफेवरचा कॅटापुल्ट, उतरणाऱ्या वैमानिकाला वाट दाखवणारा आरसा, हे तिन्ही ब्रिटिशांचेच शोध आणि तिन्ही युद्धानंतरचे. १९४६लाच पुरी झाली असती तर सरळ डेकची, पंख्याच्या विमानांची बोट मिळाली असती. तिच्या काही बहिणींना नंतर तोडफोड करून हे सगळं बसवावं लागलं, हिला ते बांधतानाच मिळालं.

४ मार्च १९६१ला बेलफास्टमध्ये विजयालक्ष्मी पंडितांच्या हस्ते ती नौदलात आली. पहिले कप्तान प्रीतमसिंग महिंद्रू. १८ मेला तिच्यावर पहिलं जेट उतरलं ते लेफ्टनंट ताहिलियानींचं, हेच पुढे नौदलप्रमुख झाले. ३ नोव्हेंबरला मुंबईत बॅलार्ड पिअरला स्वागताला स्वतः नेहरू.

आता तारखा बघा. ३ नोव्हेंबरला घरी आली आणि १८ डिसेंबरला गोव्याची कारवाई. नव्या सुनेने दीड महिन्यात किती स्वयंपाक करायचा?

चौकस_बंड्या

मोडीवाचक, माहितीपूर्ण. पण गोव्यात तिने काहीच केलं नाही हे खरंच ना? अंजदीव बेटावर आपल्या त्रिशूल आणि म्हैसूर, पोर्तुगीजांच्या अल्बुकर्क या युद्धनौकेशी लढल्या आपल्या बेटवा आणि बियास. विक्रांत लांब समुद्रात गस्त घालत होती.

मोडीवाचक

हो. तिचं काम बाहेरच्यांना आत येऊ न देण्याचं होतं. कोणी आलंच नाही. वाड्याच्या दिंडीवर पहारेकरी ठेवला आणि चोर आला नाही, तर पहारेकऱ्याचा पगार कापायचा का, एवढंच भावोजींना विचारा.

मांडवीकाठ

गोव्यातून एक पुरवणी. गोवा मुक्त झाल्याचा सर्वांत मोठा फायदा विक्रांतलाच झाला असं माझं मत आहे.

जहाज बंदरात असताना विमानं जहाजावर ठेवत नाहीत. ती किनाऱ्यावरच्या तळावर नेतात, सराव तिथे चालतो. १९६१ला हा तळ कुठे होता? कोइंबतूरजवळ, सुलूरला. म्हणजे समुद्रापासून लांब, डोंगरापलीकडे. मुक्तीनंतर दाबोळीचा विमानतळ नौदलाकडे आला आणि १९६४मध्ये सगळं बिऱ्हाड तिकडे हललं. समुद्र हाकेच्या अंतरावर. सी हॉक, अलीझे, पुढे सी हॅरियर, सगळ्यांचं माहेर दाबोळी. आजही दाबोळीला तुमचं प्रवासी विमान उतरतं ते नौदलाच्याच धावपट्टीवर.

बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, तिथे ही तिन्ही विमानं उघड्यावर उभी आहेत. सी हॉकच्या शेपटीखालचा हूक बघा. एवढ्याशा आकड्याने डेकवरची तार पकडायची आणि थांबायचं. माझ्या मुलाने विचारलं, "तार चुकली तर?" मी म्हटलं, "पुन्हा उडायचं." तो म्हणाला, "म्हणजे माझ्या सायकलसारखं नाही."

ढेबेवाडीकर

अवांतर : ती विक्रांत की तो विक्रांत? शब्द पुल्लिंगी आहे. विक्रांत म्हणजे पराक्रमी पुरुष.

पेठेतली_मैना

सुरू झालं.

खवट_काका

आणि 'विमानवाहू नौका' म्हणू नका. २१३ मीटर लांब, पूर्ण भरल्यावर साडेएकोणीस हजार टन, हजाराच्या वर माणसं. नौका म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाते ती.

ढेबेवाडीकर

काका, मग 'विमानवाहू जहाज' घ्या. पण लिंगाचा प्रश्न उरतोच. जहाज नपुंसकलिंगी.

घारापुरीकर

बाबा 'ती' म्हणायचे. गोदीत सगळ्या बोटी 'ती'च. विषय संपला. :)

रोमातला_गण्या

बऱ्याच वर्षांनी लॉगिन झालो या धाग्यासाठी. ६५बद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. विक्रांत मुंबईत ड्रायडॉकमध्ये दुरुस्तीला होती. आणि पाकिस्तानने ती बुडवल्याचा दावा केला होता! कोरड्या गोदीत बुडालेलं जगातलं एकमेव जहाज.

चौकस_बंड्या

=)) पण हा भावोजींचाच मुद्दा झाला ना? ऐन वेळी गोदीत.

मोडीवाचक

बंड्या, विमानवाहू जहाज आयुष्याचा मोठा हिस्सा गोदीतच काढतं. सगळ्यांचंच तसं असतं, अमेरिकेचंही. म्हणून आरमारवाले नेहमी तीन मागतात : एक समुद्रावर, एक सरावात, एक गोदीत. आपल्याकडे एकच होती. एकुलत्या एक मुलाने आजारीच पडायचं नाही, असं कसं चालेल? १९८७ला 'विराट' आली तेव्हा कुठे जोडी जमली.

सॅनडिएगोचा_सदू

नमस्कार. इथे घरापासून वीस मिनिटांवर अमेरिकेची विमानवाहू 'मिडवे' उभी आहे. विक्रांतच्याच पिढीतली, १९४५ची. १९९२ला निवृत्त झाली, २००४पासून संग्रहालय. वर्षाला दहा लाखांच्या वर माणसं येतात. भारतातून कोणी पाहुणे आले की मी नेतो, आतापर्यंत नऊ वेळा गेलोय, बायको आता गाडीतच बसून राहते.

डेकवर निवृत्त नौसैनिक स्वयंसेवक म्हणून काम करतात. एका आजोबांनी कॅटापुल्ट समजावला तो असा : मुलांना दोन रांगांत उभं केलं, एकाला मध्ये विमान केलं आणि ढकललं. वैमानिकाने खूण करायची, मग डेकवरच्याने वाकून हात पुढे करायचा, की सुटलं! माझ्या भाच्याला तीन वेळा 'उडवलं'. १९७५ला सायगाव पडलं तेव्हा एक व्हिएतनामी अधिकारी बायको आणि पाच मुलांना छोट्या विमानात कोंबून याच डेकवर उतरला होता. त्याच्यासाठी लाखो डॉलरची हेलिकॉप्टरं समुद्रात ढकलून जागा केली.

दर वेळी परतताना एकच विचार येतो. आमची विक्रांत का नाही राहिली?

भुलेश्वरी

सदू, मी विक्रांतवर गेलेय! २००३ असावं. १९९७च्या ३१ जानेवारीला ती निवृत्त झाली आणि २००१मध्ये संग्रहालय म्हणून उघडली. वर्षभर नाही, ठरावीक दिवसच खुली असायची. आमच्या शाळेची सहल होती. रांग इतकी की डबे रांगेतच संपले.

आत हँगरमध्ये विमानं, पंख दुमडलेली. मला ते पंखच फार आवडले, कबुतराने अंग चोरून बसावं तसे. मग वर डेकवर. डिसेंबर असूनही पत्रा तापलेला. बाईंनी सांगितलं होतं, कडेला जायचं नाही. मी गेले. खाली पाणी एवढं लांब होतं की पोटात गोळा आला, आणि वर मान केली तर ताज आणि गेटवे खेळण्यातले. पुढच्या टोकाला डेक उताराच्या उलट वर चढत गेलेला, घसरगुंडीसारखा. आम्ही तिघी त्यावर चढून बसलो. एका नौसैनिकाने शिट्टी मारली तशा पळालो.

मोडीवाचक

ती 'घसरगुंडी' सी हॅरियरसाठी. ८०च्या दशकाच्या शेवटी बसवली, पावणेदहा अंशांची. हॅरियर थोडं धावून त्या चढावरून उसळी घेतं, कॅटापुल्ट लागत नाही. उतरताना तर उभ्याउभ्या उतरतं, त्यामुळे तारही नको.

चौकस_बंड्या

मग मोडली का? काडी टाकतो आणि पॉपकॉर्न घेऊन बसतो.

खवट_काका

२०१२ला धोकादायक म्हणून बंद. २०१३च्या शेवटी लिलाव. उच्च न्यायालयात जनहित याचिका, फेटाळली. ६० कोटींना गेली. २०१४च्या मेमध्ये ओढत दारूखान्याला, जहाजं तोडतात तिथे, नेली. सर्वोच्च न्यायालयाने थोडे दिवस थांबवलं, ऑगस्टमध्ये मोकळी वाट दिली. नोव्हेंबरात गॅसकटर लागले. मधल्या पंधरा-सतरा वर्षांत सरकारं आली-गेली, प्रत्येकाने स्मारक करू म्हटलं. मुंबई बंदरातल्या ऑयस्टर रॉक बेटावर ठेवायचंही बोलणं होतं. आपल्याकडे स्मारक म्हणजे आधी घोषणा, मग समिती, मग पुतळा कुठे उभा करायचा यावर भांडण. जहाजाला तेवढा दम निघत नाही, तळ गंजतो.

डोंगरवारा

काकांशी सहमत, पण नौदलाला दोष देऊ नका. खाऱ्या पाण्यातलं जुनं जहाज म्हणजे गळकं कौलारू घर, दर पावसाळ्याला खर्च. तळ वरचेवर गोदीत नेऊन खरवडायला लागतो. नौदलाने ते पैसे लढणाऱ्या बोटींवर लावायचे की निवृत्त बोटीवर? सदूकडे तिकिटावर भागतं, आणि तिथेही कायम भागतंच असं नाही. न्यूयॉर्कची संग्रहालय झालेली 'इंट्रेपिड' २००६ला दुरुस्तीला न्यायची तर चिखलातून हलेचना. निरोप द्यायला आलेली मंडळी घरी गेली, गाळ उपसल्यावर महिन्याने निघाली.

सॅनडिएगोचा_सदू

हो, हे खरं आहे. :)

निवतीचो_झील

विराटची गोष्ट विसरू नकात. ती आमच्या निवतीक येवची होती! २०१८क राज्य मंत्रिमंडळान ८५२ कोटींची योजना मंजूर केल्यानी, निवतीच्या खडपांजवळ उभी करून संग्रहालय, हॉटेल, काय काय. गावात तेव्हा जागेचे भाव विचारूक लोक येवक लागले. आमच्या काकान वडापावची गाडी टाकूची ठरवल्यान, नावसुद्धा ठरला : 'विराट वडापाव'.

२०२०क ती गेली गुजरातात अलंगाक, मोडूक. गाडी नाय झाली. बोर्ड रंगवलेलो हा, अजून पडवीत उभो करून ठेवलोहा.

पेठेतली_मैना

विराट वडापाव! बोर्डाचा फोटो पाहिजेच. बिल्ला आणि बोर्ड, दोन्ही.

कटिंगवाला_मुंब्रा

माझ्याकडे विक्रांत आहे. रोज चालवतो. बजाजने भंगारातलं पोलाद घेऊन २०१६ला 'व्ही' मोटरसायकल काढली होती ना, तीच. टाकीच्या झाकणात ते पोलाद आहे. पेट्रोल पंपावरचा पोरगा झाकण उघडतो तेव्हा मी सांगतो, "हळू, ७१ची लढाई खेळलेलं झाकण आहे." तो म्हणतो, "काका, कितीचं टाकू?"

खवट_काका

प्रतिसादाला नमन. हा धागा इथेच बंद केला तरी चालेल.

भुलेश्वरी

आणि मुंबईत नौदल गोदीच्या लायन गेटसमोर स्मारक आहे, तिच्याच पत्र्यातून अर्झान खंबाटा यांनी केलेलं, जानेवारी २०१६चं. बसमधून दिसतं. मान वळवेपर्यंत मागे जातं.

घारापुरीकर

मंडळी, झाकण, वडापाव, सगळं छान. पण बॉयलरचं कोणी बोलेल का? माझा पहिला प्रश्न पहिल्या पानावर गंजतोय.

शिडाविना

थोडं मी सांगते, माझा वाचनाचा विषय आहे. तडे खरे. १९७०मध्ये सापडले, बॉयलरच्या पाण्याच्या ड्रममध्ये. साध्या वेल्डिंगने भागण्यासारखं नव्हतं. म्हणून एक बॉयलर बंद आणि वेग १६ नॉटच्या (ताशी सागरी मैल) आसपास, एरवी पंचवीसपर्यंत जाणारी बोट.

आता अशा बोटीला पश्चिमेला ठेवायचं म्हणजे पाणबुड्यांपुढे ताट वाढणं. पाकिस्तानकडे नव्या फ्रेंच पाणबुड्या होत्या. त्यांतल्याच एकीने ९ डिसेंबरला दीवजवळ आपली युद्धनौका 'खुकरी' बुडवली, कप्तान मुल्ला आणि पावणेदोनशेच्या वर माणसांसकट. म्हणून विक्रांत पूर्वेला. तिकडे, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात (आजच्या बांगलादेशात), शत्रूचं हवाई दल तुटपुंजं आणि बंगालच्या उपसागरापर्यंत येऊ शकणारी पाणबुडी एकच, 'गाझी'.

गाझी तिलाच शोधत विशाखापट्टणमला आली. विक्रांत तेव्हा अंदमानात दडवलेली. इकडे 'राजपूत' नावाची जुनी विनाशिका विक्रांत असल्याचं सोंग आणून संदेशांचा पाऊस पाडत होती, ठेकेदाराला मोठ्या बोटीच्या हिशोबाने शिधा सांगितला होता. विक्रांतवरच्या नौसैनिकाच्या नावाने आजारी आईची चौकशी करणारी साधी तारसुद्धा केली. ३ आणि ४ डिसेंबरमधल्या रात्री गाझी विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली. आपण म्हणतो राजपूतने टाकलेल्या डेप्थ चार्जनी (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब), ते म्हणतात तिच्या स्वतःच्याच स्फोटाने.

४ तारखेच्या सकाळी विक्रांतवरून आठ सी हॉक कॉक्स बझारवर गेली आणि त्याच दिवशी चितगाववर. मग खुलना, मोंगला. समुद्राकडची दारं लागली. कप्तान स्वराज प्रकाश आणि सी हॉकच्या स्क्वाड्रनचे संतोषकुमार गुप्ता, दोघांना महावीरचक्र. लंगडत गेली खरी, भावोजी. पण जिथे जायचं तिथे पोहोचली.

पेठेतली_मैना

ताई, _/\_. वाचनखूण साठवली.

चौकस_बंड्या

आजारी आईची तार! म्हणजे रजा काढायची युक्ती नौदलानेही वापरली.

स्टोकर_नि

मी इथे फक्त वाचतो. मोबाइलवर मराठी टाइप करायला वेळ लागतो, चुका असतील. पण घारापुरीकरांनी दोनदा विचारलं म्हणून लिहितो.

मी इंजिनरूमचा माणूस. विक्रांतवर ८३ ते ८६. म्हणजे ७१चं मी पाहिलेलं नाही, पण आमचे चीफ तेव्हा तिच्यावर होते. पट्ट्यांचं ते पण सांगायचे, तुमच्या वडिलांसारखंच.

लोक डेक बघतात. आमची बोट डेकच्या पाच मजले खाली. चार बॉयलर, दोन टर्बाइन, बोट ढकलणारे पाण्यातले दोन पंखे. बॉयलररूममध्ये हवा दाबून भरलेली असते म्हणजे भट्टीची आग बाहेर येत नाही. त्यामुळे आत जायला दोन दरवाजे. पहिला लावायचा, कान बंद होतात, गिळायचं, मग दुसरा उघडायचा. विसरून दोन्ही एकदम उघडले तर शिव्या नाही, थेट चीफचा हात. आत उन्हाळ्यात अंगातला शर्ट पिळून पुन्हा घालायचा.

वाफ फुटली तर दिसत नाही. लोकांना वाटतं वाफ पांढरी असते. ती गार झालेली वाफ. खरी गरम वाफ हवेसारखी, फक्त शिट्टी ऐकू येते. मग झाडूचा दांडा पुढे धरून हळूहळू चालायचं. दांडा जिथे कापला जाईल तिथे गळती. हात पुढे नाही करायचा. हे मला पहिल्या दिवशी शिकवलं.

आता प्रश्न. विमान उडवायला दोन गोष्टी लागतात. समोरून वारा आणि कॅटापुल्टचा धक्का. वारा बोटीच्या वेगातून मिळतो, म्हणून बोट वाऱ्याकडे तोंड करून पळवायची. आणि कॅटापुल्ट चालतो वाफेवर. ती वाफ कुठून? त्याच बॉयलरमधून. म्हणजे वरून एक विमान सुटलं की खाली आमचा वाफेच्या दाबाचा काटा पडतो. चार बॉयलर असले तर पटकन भरून निघतं. तीन असले तर पंख्याला द्यायची का कॅटापुल्टला द्यायची, हाच हिशोब. पंख्याला दिली तर कॅटापुल्ट उपाशी, कॅटापुल्टला दिली तर वेग पडतो, वेग पडला की वारा पडतो. आणि सी हॉकपेक्षा अलीझे त्रास देणार, त्याला वारा जास्त लागतो. अशा वेळी विमानावर ओझं कमी, दोन विमानांत वेळ जास्त, आणि खालचा माणूस काट्यावर डोळा लावून.

चीफ म्हणायचे, त्या बारा दिवसांत वर कुठे बॉम्ब पडले ते आम्हाला नंतर पेपरात कळलं. आम्हाला फक्त ठक ठक मोजता येत होतं. कॅटापुल्ट सुटला की पूर्ण बोट हलते. गेलेल्यांची ठक मोजायची, परत उतरणाऱ्यांची तार ओढल्याची आवाज मोजायची. दोन्ही आकडे जुळले की चहा.

गोदीच्या माणसांबद्दल. आम्ही बोट चालवली. पण ड्रममध्ये रांगत शिरून तडा शोधायचा, तो गोदीवाला. माणूस जेमतेम मावतो. बल्ब आत न्यायचा, तारेच्या ब्रशने घासायचं, केसाएवढी रेघ बघायची. तुमचे वडील बॉयलरवर होते म्हणजे हे काम त्यांनी केलं असणार. माझा नमस्कार सांगितला असता, ते नाहीत म्हणून आईंना सांगा.

घारापुरीकर

काका, प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हणून कोपर सोललेली असायची." मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं, मी समजत होतो सगळ्या बाबांची तशीच असतात.

ढेबेवाडीकर

काका, एकच : 'तार ओढल्याचा आवाज', पुल्लिंगी.

खवट_काका

ढेबेवाडीकर, आज नको.

ढेबेवाडीकर

मागे घेतो. क्षमस्व काका. _/\_

हिशोबी१९६८ (नवीन सदस्य)

नमस्कार. मीच तो भावोजी. मेहुण्याने लिंक पाठवली, सगळं वाचलं.

पांढरा हत्ती हा शब्द मागे घेतो. ६१चं आणि ७१चं मान्य. पण एक विचारतो, रागावू नका. नवीन विक्रांत २०२२ला कोचीत नौदलात आली, पंचेचाळीस हजार टनांची, दुप्पट. तोच नंबर आर ११, तेच 'जयेम सं युधि स्पृधः'. पण आजच्या क्षेपणास्त्रांच्या काळात एवढा पैसा एका जागी ठेवावा का? बँकेत आम्ही कोणाला असं सांगत नाही.

मोडीवाचक

भावोजी, स्वागत! हा प्रश्न रास्त आहे, ७१ आधीही लोक हेच विचारत होते. वेगळा धागा काढा, इथे काश्मीर होईल.

खवट_काका

आले का? जेवलात?

हिशोबी१९६८

सासूबाईंनी परवापासून नीट वाढलेलं नाही.

पेठेतली_मैना

=)) =)) घारापुरीकर, बिल्ल्याचा फोटो राहिला. आधी चिंचेने घासा, चमकेल.

स्टोकर_नि

घासू नका. जुना बिल्ला असेल तर नंबर उथळ असतो, जातो. नुसत्या कापडाने पुसा.

घारापुरीकर

काका, उशीर झाला. आईने कालच पितांबरी लावून घासला आणि देवघरात ठेवला. नंबर शाबूत आहे, ३१४७. फोटो दिवा लावायच्या आधी काढतो.

निवतीचो_झील

बोर्डाचो फोटो पण पाठवतंय. त्येच्यावर कोंबडी बसलीहा, ती उठली की.